वडील एक रात्र राहिले, कागदावर पाच दिवस: तक्रार कशी करावी?

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील गुहागर तालुक्यात गावी, तुम्ही डोंबिवलीला. ऑगस्टमध्ये वाडीवर मोफत तपासणी शिबिर आलं. वडिलांनी रेशनकार्ड आणि आधार दाखवलं, यंत्रावर अंगठा लावला. दोन दिवसांनी गाडी आली आणि त्यांना व शेजारच्या तिघांना एका खासगी रुग्णालयात घेऊन गेली. एक रात्र सलाईन, दुसऱ्या दिवशी दुपारी घरी, आणि औषधांचे म्हणून साडेचार हजार रोख घेतले, पावती नाही. आता छातीत दुखलं म्हणून दुसऱ्या रुग्णालयात नेलं, अँजिओप्लास्टी सांगितली, आणि तिथल्या आरोग्यमित्राने (महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा रुग्णालयातला मदतनीस) संगणकात बघून सांगितलं की यांच्या नावावर ऑगस्टमध्ये न्यूमोनियासाठी पाच दिवस दाखल असल्याची नोंद आहे, त्यातले तीन दिवस आयसीयू. तुम्ही विचारलंय की सरकार यावर लक्ष ठेवतं की नाही, आणि तक्रार केली तर वडिलांचंच कार्ड बंद होईल का.

आधी अँजिओप्लास्टीचं बोलू. ती या भानगडीसाठी एक दिवसही थांबवू नका. योजनेतून मोफत उपचारांची मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाखांची आहे. न्यूमोनियाच्या त्या दाव्याने, म्हणजे रुग्णालयाने योजनेकडे मागितलेल्या पैशांनी, त्यातला लहानसा भागच खाल्लेला असणार. आरोग्यमित्राला स्पष्ट विचारा, शिल्लक किती आहे. ती पुरेशी असली तर जुन्या नोंदीमुळे नवा उपचार अडण्याचं कारण नाही. तक्रार आठ दिवसांनी केली तरी चालते.

आता मी कोण हे सांगते, म्हणजे माझं म्हणणं किती धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी डॉक्टर आहे. अकरा वर्षं मी या योजनेचे दावे तपासले आणि रुग्णालयांना अचानक भेटी दिल्या, बहुतेक रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात रायगड होता. रत्नागिरी-सिंधुदुर्गाला ती नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर लागू झाली तेव्हा मिळाली. २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचं नाव दिलं आणि एप्रिल २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली. नावं बदलली, मर्यादा वाढली, पण दावा तपासायची मूळ रीत फारशी बदलली नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या रीतीतच आहे.

सरकार लक्ष ठेवतं. पण ते कागदाला बघतं, खाटेला नाही. रुग्णालय आधी मंजुरी मागतं, तिला सगळे प्रीऑथ म्हणतात. त्यासोबत तपासण्यांचे रिपोर्ट आणि रुग्णाचा फोटो जातो. कुठेतरी मुंबई-पुण्यात बसलेला डॉक्टर ते बघून मंजुरी देतो. डिस्चार्जनंतर केसपेपर, एक्स-रे, पुन्हा फोटो जातात आणि दावा तपासला जातो. वर राज्य आरोग्य हमी सोसायटी आहे, तिच्या वर राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण, दोन्हीकडे फसवणूक शोधणारी पथकं आहेत. संगणक काही गोष्टी आपोआप पकडतो: एकच सर्जन एकाच वेळी दोन तालुक्यांत ऑपरेशन करतोय, दहा खाटांच्या रुग्णालयात सोळा दाखल आहेत, एकाच माणसाचं अपेंडिक्स दुसऱ्यांदा निघतंय. हे सगळं उपयोगाचं आहे. मी स्वतः त्याच्या जोरावर प्रकरणं उघडली आहेत.

तरीही तुमच्या वडिलांचं प्रकरण यातून सुटलं, आणि ते का सुटलं हे मला पहिल्याच वाचनात कळलं. ऑपरेशनचा खोटा दावा करायला धाडस लागतं, कारण पोटावर व्रण नसला की खेळ संपला. ताप, न्यूमोनिया, जुलाब, शरीरातलं पाणी कमी होणं, यांचा व्रण राहत नाही. माणूस एक रात्र राहिला की पाच, हे चार आठवड्यांनी त्याच्या अंगावर कुठेच लिहिलेलं नसतं. शिवाय आयसीयूला साध्या वॉर्डापेक्षा जास्त दर असतो. केंद्राच्या २०१८ च्या पहिल्या दरपत्रकात साध्या वॉर्डाला दिवसाला १,८०० रुपये होते आणि व्हेंटिलेटरशिवायच्या आयसीयूला ३,६००. आपल्या राज्याची पॅकेजं (एकेका उपचाराचे ठरवून दिलेले दर) वेगळी बांधलेली आहेत, पण ओढ तीच. खरा रुग्ण, खरा अंगठा, खरा फोटो, आणि त्यावर वाढवलेले दिवस. हा प्रकार संगणकाला सगळ्यात कठीण जातो, कारण त्यातला एकेक कागद बरोबर असतो.

संगणकावर किती विसंबावं याचा माझा एक अनुभव सांगते. राजापूर तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका वाडीतून सहा महिन्यांत एकोणीस दावे आले. सगळ्यांचं आडनाव एक, पत्ता एक, मोबाईल नंबर एक. यादीत ते लाल रंगात आले आणि मला चौकशीला पाठवलं. भर पावसात गेले. आता कोकणातल्या माणसाला सांगायला नको, अख्खी वाडी एकाच आडनावाची असते. मोबाईल नंबर आशाताईंचा होता, कारण म्हाताऱ्या माणसांकडे फोन नाहीत आणि असले तरी रेंज नाही. एकोणीसही जण खरे. बहुतेक भातलावणीनंतर तापाने फणफणलेले, काहींना लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस). पण घरोघरी बसून बोलले तेव्हा कळलं की त्यातल्या सात जणांकडून रुग्णालयाने रोख पैसे घेतले होते. संगणकाने ज्या गोष्टीसाठी बोट दाखवलं ती चूक निघाली, आणि जी खरी चूक होती ती त्याच्यात कुठेच नव्हती. ती फक्त पडवीत बसल्यावर कळली.

ऑगस्ट २०२३ मध्ये महालेखापरीक्षकांचा आयुष्मान भारतवरचा अहवाल संसदेत आला. त्यात होतं की नऊ हा आकडा दहा वेळा लिहिलेल्या एकाच मोबाईल नंबरवर सुमारे ७.५ लाख लाभार्थी जोडलेले आहेत. सगळीकडे त्याची मोठी चर्चा झाली. मला मात्र आशाताईंचा नंबर आठवला. खोटा मोबाईल म्हणजे खोटा रुग्ण असं नाही. पण त्याचा परिणाम वाईटच, कारण डिस्चार्जनंतर ‘उपचार मिळाले का, पैसे घेतले का’ असं विचारणारा फोन त्या रुग्णापर्यंत पोहोचत नाही. त्याच अहवालातली दुसरी नोंद मला जास्त गंभीर वाटते: व्यवस्थेत आधीच मृत म्हणून नोंदलेल्या ३,४४६ रुग्णांच्या उपचारांपोटी ६.९७ कोटी रुपये दिले गेले होते. मेलेला माणूस ‘मी आलोच नव्हतो’ म्हणून सांगायला येत नाही. तुमचे वडील येऊ शकतात.

म्हणून तुमच्या भीतीबद्दल स्पष्ट सांगते. वडील या प्रकरणात आरोपी नाहीत, साक्षीदार आहेत. त्यांचं कार्ड खरं, ओळख खरी, आजारही काही अंशी खरा असेल. तक्रार केली म्हणून लाभार्थ्याचं कार्ड बंद झाल्याचं मी अकरा वर्षांत एकदाही पाहिलं नाही. फक्त एक परिस्थिती वेगळी आहे. काही शिबिरांत कार्ड आणि अंगठा देण्याबद्दल लोकांच्या हातात पाचशे-हजार ठेवले जातात. वडिलांच्या किंवा शेजाऱ्यांच्या बाबतीत असं झालं असेल तर ते लपवू नका, अर्जातच लिहा. चौकशीत नंतर बाहेर आलं तर साक्षीचं वजन जातं. आधी सांगितलं तर तोच रुग्णालयाविरुद्धचा पुरावा होतो. वडिलांना हे विचारताना आवाज चढवू नका. आपल्याकडे म्हातारी माणसं पोरांच्या रागाला घाबरून अर्धी गोष्ट गिळतात.

दुसरी एक शक्यताही मनात ठेवा: कारकुनाची चूक. चौघांना एकत्र आणलं होतं म्हणता. शेजाऱ्याचे दिवस वडिलांच्या नावावर चढले असतील असं क्वचित होतं. आयसीयूचे तीन दिवस पाहता मला ते तसं वाटत नाही, पण अर्जात ‘फसवणूक केली’ असं न लिहिता ‘नोंद आणि प्रत्यक्ष यांत असा फरक आहे, त्याची चौकशी व्हावी’ असं लिहा. त्याने तुमची बाजू कमजोर होत नाही, उलट वाचणारा अधिकारी तुमच्याकडे विश्वासाने बघतो.

पुराव्याकडे येऊ, कारण प्रकरण तिथेच टिकतं किंवा पडतं. रुग्णालयाकडे लेखी अर्ज करून केसपेपरची प्रत मागा. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारनियमांनुसार दाखल रुग्णाची कागदपत्रं तीन वर्षं जपणं आणि मागितल्यावर ७२ तासांत देणं बंधनकारक आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. नाही दिली तर ते नाकारणंही तुमच्या तक्रारीत जाईल.

मग ते पाच दिवस समोर ठेवा आणि वडील त्यातल्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या दिवशी कुठे होते ते शोधा. मी नेहमी रेशनच्या दुकानापासून सुरुवात करायचे. धान्य घेताना ई-पॉस यंत्रावर अंगठा लागतो आणि त्याची तारीख-वेळ नोंदली जाते. कागदावर आयसीयूत असलेला माणूस त्याच दिवशी रेशन दुकानात अंगठा लावत असेल तर पुढे वादाला जागाच राहत नाही. तिथे काही नसेल तर बँकेचं पासबुक, पोस्टातली नोंद, ग्रामपंचायतीच्या सभेतली सही, देवळातल्या भजनाचा तारखेसकट फोटो. ऑगस्ट म्हणजे श्रावण, कुठे ना कुठे सप्ताह असणारच. शेजारच्या तिघांचंही असंच पाहा. एका माणसाची तक्रार म्हणजे एक प्रकरण. एकाच गाडीतून गेलेल्या चौघांची, चौघांचेही दिवस वाढलेले, ही रीत झाली, आणि रीत दिसली की वरची पथकं हलतात.

रोख साडेचार हजारांचं वेगळं लिहा, कारण तो वेगळा गुन्हा आहे आणि सिद्ध करायला सोपा. पॅकेजमध्ये औषधं, तपासण्या, जेवण सगळं धरलेलं असतं, घरी परतायचं एसटीचं भाडंसुद्धा. पैसे घ्यायचेच नसतात. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पहिल्याच वेळी पूर्ण परतावा आणि घेतलेल्या रकमेच्या तिप्पट भरपाई रुग्णाला द्यावी असं आहे. तेवढं वाक्य अर्जात उतरवा. पावती नसेल तर कोणी दिले, कोणाच्या हातात दिले, नोटा कुठून आणल्या, हे लिहा. ‘आदल्या दिवशी सोसायटीतून पाच हजार काढले’ आणि पासबुकात तशी नोंद, इतकं पुष्कळ असतं.

तक्रार कुठे द्यायची यात लोक फार गोंधळतात. १५५३८८ वर फोन करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. केंद्राच्या तक्रार पोर्टलवर टाकलीत तर तिथेही क्रमांक मिळतो. पण फक्त फोनवर थांबू नका. लेखी अर्ज रत्नागिरीला योजनेच्या जिल्हा समन्वयकांना आणि त्याची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या, कारण केंद्राच्या चौकटीत जिल्ह्याच्या तक्रार निवारण समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे ठेवलेलं आहे. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक शिक्क्याला फोनपेक्षा जास्त किंमत आहे, हे अनुभवाने सांगते. एक मागणी मात्र बहुतेक जण विसरतात: खोटा ठरलेला दावा रद्द करून तेवढी रक्कम कुटुंबाच्या मर्यादेत परत मिळावी, आणि वडिलांच्या नावावरची न्यूमोनिया-आयसीयूची नोंद दुरुस्त व्हावी. पैशाइतकाच हा आजाराच्या इतिहासाचा प्रश्न आहे. उद्या एखादा डॉक्टर ती नोंद खरी मानून निर्णय घेईल.

यानंतर रुग्णालयातून फोन येईल. बहुधा गोड आवाजात. ‘गैरसमज झाला, पैसे परत घेऊन जा, फक्त इथे सही करा.’ पैसे परत घ्या, पण बँकेत किंवा चेकने. ‘माझी काही तक्रार नाही, मी पाच दिवस दाखल होतो’ अशा कागदावर वडिलांचा अंगठा पडू देऊ नका. माझी किमान सहा प्रकरणं या एका कागदावर मेली.

आणि कधीकधी ती रुग्णांच्या भलेपणामुळेही मरतात. एका तालुक्याच्या गावी गणपतीच्या दुसऱ्या दिवशी मी भेट दिली होती. आमच्याकडे चतुर्थीच्या आधी रुग्ण हट्टाने डिस्चार्ज मागतो, वॉर्ड ओस पडतात. या रुग्णालयाचे कागदावर वीस दाखल होते. खाटांवर सहा. नर्सबाई म्हणाल्या, बाकीचे खाली चहा प्यायला गेलेत. मी स्वयंपाकघरात गेले. डबे देणाऱ्या मावशींच्या वहीत त्या दिवशीच्या सात थाळ्या होत्या, सहा रुग्ण आणि एक त्या स्वतः. वहीचा फोटो घेतला आणि चौदा जणांच्या घरी फिरले. बहुतेक जण आरतीत भेटले. आणि त्यातल्या अकरा जणांनी मला हात जोडून सांगितलं, डॉक्टर देवमाणूस आहेत हो, रात्री-अपरात्री दार उघडतात, त्यांना त्रास देऊ नका. ते खोटं नव्हतं. वीस मैलांत दुसरा एमडी नव्हता. दावे नाकारले गेले, दंड झाला, पण त्या अकरा जणांपैकी एकानेही लेखी दिलं नाही. त्या मावशींनी दिलं.

म्हणून रुग्णालयांची बाजूही सांगते, ती सांगितल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. पॅकेजचे दर वर्षानुवर्षं तसेच राहतात, मंजूर दाव्यांचे पैसे महिनोन्‌महिने अडकतात. पगार, वीज, ऑक्सिजन मात्र थांबत नाहीत. मी असे डॉक्टर पाहिले आहेत जे पहिली दोन वर्षं सरळ चालले, मग थकबाकी वाढली तेव्हा रुग्णाकडून ‘डिपॉझिट’ घेऊ लागले, आणि पुढे दिवस वाढवू लागले. याने ते निर्दोष होत नाहीत. पण वेळेवर पैसे देणं हाही देखरेखीचाच भाग आहे असं माझं ठाम मत आहे, आणि तो भाग सरकारने नीट केला नाही तर पथकं कितीही नेमली तरी ती मागे धावत राहतील. रुग्णालयाच्या आतून गैरप्रकार सांगणाऱ्यांकडेही असंच दुर्लक्ष आहे. अमेरिकेत १८६३ पासून असा कायदा आहे की सरकारची फसवणूक दाखवून देणाऱ्या माणसाला वसुलीतला वाटा मिळतो. तिथली आरोग्य योजनांमधली मोठी प्रकरणं बऱ्याचदा कर्मचाऱ्यांनीच उघड केली. आपल्याकडे जागल्यांच्या (आतला गैरप्रकार उघड करणाऱ्यांच्या) संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये मंजूर झाला आणि अजून अंमलात आलेला नाही. त्या मावशींना नोकरी गमवावी लागली. त्यांच्यासाठी मला काही करता आलं नाही, हे मला आजही खुपतं.

शिबिराबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी लिहिते. नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातच्या मेहसाणा जिल्ह्यातल्या बोरिसणा गावात असंच मोफत शिबिर झालं. तिथून १९ जणांना अहमदाबादच्या एका खासगी रुग्णालयात नेऊन अँजिओग्राफी केली, सात जणांना स्टेंट घातले, त्यातले दोघे दगावले. तपास पोलिसांकडे गेला. वडिलांना फक्त सलाईन लागलं, याबद्दल मला बरं वाटलं ते यामुळे. कागदावरचे दिवस वाढवणारा माणूस आणि गरज नसताना सुरी उचलणारा माणूस यांच्यात अंतर आहे, पण वाट एकच आहे. म्हणून गावी सांगून ठेवा: शिबिरात तपासून घ्यायला हरकत नाही, पण तपासणीसाठी अंगठा लागत नाही. अंगठा मागितला की ‘कशासाठी’ हे विचारायचं आणि घरच्या कोणाला तरी फोन लावायचा. गाडीत बसायच्या आधी पॅकेजचं नाव आणि किती दिवस ठेवणार हे कागदावर मागायचं. आशाताईंना हे समजावलंत तर वाडीला समजेल.

तक्रारीनंतर चौकशीचा डॉक्टर घरी येईल तेव्हा शक्य असेल तर तुम्ही गावी असा, पण बोलू वडिलांना द्या. तो विचारेल: खाट कुठल्या बाजूला होती, शेजारी कोण होतं, सलाईन किती लागली, नाकाला नळी होती का, घरी कशाने आलात. खरोखर तीन दिवस आयसीयूत राहिलेला माणूस ते यंत्राचं टिकटिक आणि दिवसरात्र जळणारा दिवा विसरत नाही. न राहिलेल्याला ते सांगताच येत नाही, आणि चौकशीला आलेल्या डॉक्टरला ते दोन मिनिटांत कळतं. तुम्ही मध्ये तारखा पुरवू लागलात तर मात्र शिकवून ठेवलंय असं वाटतं.

अँजिओप्लास्टी होऊन वडील घरी आले की अर्जाला बसा. एका पानात मावला पाहिजे. कच्चा मसुदा झाला की नावं, आधार क्रमांक आणि रुग्णालयाचं नाव खोडून इथेच टाका, मी वाचून सुचवते.